अक्कांचे वाळके कोंबडे

चरबीअक्कांनी जन्मात कोंबडीचा तुकडा तोंडात घातला नाही, आणि जन्मभर ध्यास घेतला तो कोंबडीच्या चरबीचाच! गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्म आणि काखेत फडफडणारा कोंबडा, अशा थाटात त्या शेडमधून बाहेर आल्या की नवा माणूस दारातच थबकायचा. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली नव्यानं लागले होते. चरबीअक्का हे नाव पोरांनी ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

अक्कलकोट रस्त्याला त्यांच्या घरामागं दोन शेड होती. एकात लठ्ठ कोंबड्यांचं घराणं, दुसऱ्यात वाळक्यांचं. मुळात दोन्ही एकाच जातीची. पण अक्का दर पिढीला इकडं सगळ्यांत जास्त चरबी बनवणारे निवडत, तिकडं सगळ्यांत कमी, आणि त्यांचीच पिल्लं पुढं वाढवत. खाद्य दोन्हीकडं एकाच पोत्यातलं. माझा जन्म सांगोल्याकडं मेंढरं राखणाऱ्या घरातला. मी म्हणाले, "अक्का, चांगला मेंढा ठेवायचा नि बाकीचे विकायचे, हे आमचे वडील करतातच की. ह्यात नवीन काय?"

"तुझे वडील पाठ चाचपून निवडतात," अक्का म्हणाल्या, "मी आतला कारखाना निवडते!"

आता चरबी मोजायची तर कोंबडी कापून पोट उघडावं लागतं. अक्कांच्या लिंगायत घरात हे कसं चालावं? त्यांनी वेगळी वाट धरली आणि ती त्या भेटेल त्याला, अगदी रिक्षावाल्यालाही, समजावून सांगत. "कोंबडीची चरबी बनते लिव्हरमध्ये. ते झालं चिंचोळी एमआयडीसी. माल भरून गाड्या निघतात रक्ताच्या रस्त्यानं, आणि गोदाम असतं पोटात. मग गोदाम कशाला फोडायचं? रस्त्यावरच्या गाड्या मोज की!" म्हणून त्या तरण्या कोंबड्यांच्या पंखातून थोडं रक्त घेत. कोंबडेच का, तर अंड्यावरच्या कोंबडीचं रक्त बलकाच्या तयारीनं तसंही दुधाळ असतं. नळीतलं रक्त खाली बसलं की वरचं पाणी गढूळ, म्हणजे चरबीच्या गाड्या जोरात. मी नळी उजेडात धरली रे धरली की मागून आवाज यायचाच, "सांग लवकर, पाण्यासारखं की दुधासारखं?" उत्तर मनाजोगतं असलं की माझ्या पाठीत असा धपका बसायचा की बस्स!

मग बातमी आली की प्रयोगाला पैसे देणारी समिती पाहणीला येणार. दोन घराण्यांत फरक दिसला तर काम चालू, नाहीतर दोन्ही शेड रिकामी आणि कोंबड्या बाजारात. अक्कांची जेवणावरची वासना उडाली. आणि नेमकं समिती यायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही काय बघावं? अक्कांच्या सासूबाई, म्हणजे अव्वा, वाळक्यांच्या शेडमध्ये फतकल मारून बसलेल्या. परातीत चुरलेली भाकरी, वर शेंगदाण्याचं कूट.

"अव्वा, हे काय?"

"अगं, ती शेजारची कशी गुबगुबीत, आन ही बघ! उपाशी मारतीस व्हय लेकरांना? मी रोज देते की चार घास. पाप लागंल आपल्याला."

अक्कांनी परात बाजूला ओढली. एकीकडं शेंगदाणे आणि एकीकडं साधं खाद्य, मग तुलना कसली! "संपलं गं," त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांची माती झाली." पण गप्प बसेन तर मी कसली! म्हटलं, "अक्का, रडायचं नंतर. आधी रक्त तरी बघू या की."

दोन्हीकडचं रक्त काढलं, नळ्या खिडकीत उभ्या केल्या. साधं खाऊन राहिलेल्या लठ्ठांच्या नळ्या दुधाळ. आणि शेंगदाणे हाणलेल्या वाळक्यांच्या? नितळ! नितळ हो, विहिरीच्या पाण्यासारख्या! अक्का अशा किंचाळल्या की अव्वांना वाटलं साप निघाला. अक्कांनी धावत जाऊन त्यांचे पाय धरले. "अव्वा, तुमी खाऊ घालून घालून दमला, तरी ह्यांचा कारखाना बंद तो बंदच! निवड रक्तात उतरली हो!"

"मग उद्यापासनं तूप लावू का?" अव्वांनी विचारलं.

समितीपुढं अक्कांनी परातीसकट सगळं सांगून टाकलं. साहेब लोक आधी गंभीर झाले, मग पोट धरून हसले. एवढ्यावर सिद्ध काही होत नाही, म्हणाले, पण पुढच्या पिढीला हेच खाणं मोजूनमापून द्या. म्हणजे काम चालू! त्या दिवशी माझी पाठ लाल झाली.

पुढं अक्का निवृत्त होऊन बेळगावला लेकीकडं गेल्या आणि शेड माझ्याकडं आली. दर पिढीला मी नळ्या खिडकीत ठेवून फोन लावायचा आणि त्यांनी हॅलोसुद्धा न म्हणता तोच प्रश्न विचारायचा, असा आमचा रिवाज होता. यंदा उन्हाळ्यात अक्का गेल्या. परवा नव्या पिढीतल्या वाळक्यांच्या नळ्या उजेडात धरल्या आणि सवयीनं बोटांनी त्यांचाच नंबर लावला. लावल्यावर भान आलं. तोवर लेकीनं फोन उचलला होता.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "पाण्यासारखं की दुधासारखं? आईनं विचारायला सांगून ठेवलंय."

"पाण्यासारखं गं!" मी ओरडले. "अगदी पाण्यासारखं!" आणि मग दोघी फोनवरच रडत बसलो.