झोपाळूवरचा पहारा

आमच्या बॅचमध्ये तिला सगळ्या झोपाळू म्हणायच्या. शरीरशास्त्राच्या तासाला ती डोळे उघडे ठेवून झोपायची आणि प्रश्न विचारला की उत्तरही द्यायची. आता ती लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे, दोन पोरांची आई आहे, पण टेकायला भिंत मिळाली की बाई अजूनही गाढ. नवरा म्हणतो, "लग्नात हिची मान खाली होती, लोकांना वाटलं लाजतेय."

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या जुन्या मुलींचा एक रिवाज आहे. शिकणाऱ्या एखाद्या मुलीने वॉर्डात पहिला मृत्यू पाहिला की आमच्यापैकी कुणीतरी तिला भेटायला जातं. त्या दिवशी आत काय होतं, ते घरच्यांना सांगून कळत नाही. रिवाज चांगलाच आहे, पण आमच्यातल्या काही जणींना भाषण ठोकल्याशिवाय राहवत नाही, त्याला काय करणार!

यंदा एका मुलीचं अवघड झालं. एक आजोबा झोपलेत असं समजून, त्यांची झोप मोडू नये म्हणून, ती चवड्यांवर चालत पुढे गेली. ते गेलेले होते. कुणीच काही करू शकलं नसतं, असं डॉक्टरांनीही सांगितलं. पण तेव्हापासून ही झोपलेल्या पेशंटना हलवून उठवायला लागली. "आजी, बऱ्या आहात ना?" आजी कसल्या बऱ्या! बिचारीचा नुकता डोळा लागलेला. तक्रारी सुरू झाल्या. हिची स्वतःची झोप तर पार उडाली होती. शेवटी मेट्रनबाईंनी वडिलांना बोलावलं. शनिवारी येऊन ते तिचं शिक्षण सोडवून तिला घरी नेणार होते.

आमच्यातल्या दोघी जाऊन आल्या. एकीने धीर दिला, दुसरीने धीर कसा धरावा ते समजावलं. मुलगी दोघींना "हो ताई" म्हणाली आणि संध्याकाळी वॉर्डात पुन्हा तेच.

शनिवारी सकाळी झोपाळू रात्रपाळी संपवून थेट कॉलेजात आली. मीही सोबत होते. मुलीला प्रॅक्टिकलच्या खोलीत नेऊन झोपाळूने एका खाटेवरचा सरावाचा पुतळा उचलून शेजारच्या खाटेवर ठेवला आणि त्याच्या जागी आडवी झाली.

"ताई, काय करताय?" मुलगी गोंधळली.

"झोपतेय. रात्रभर उभी होते गं. तू बस जवळ. उठवू मात्र नकोस हां."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"छाती वर-खाली होतेय ना, तेवढं बघ. नाही झाली तर खुशाल हलव."

मला वाटलं, नाटक करतेय. कसलं नाटक! बघता बघता घोरायला लागली.

मुलीचा हात पुढे जायचा आणि मागे यायचा. मध्येच घोरणं थांबलं. मुलगी ताडकन उभी राहिली, ओठ दाताखाली धरून बघत राहिली. झोपाळूची छाती हळूच वर आली. तशी मुलगी मटकन खाली बसली आणि रडायला लागली, ताईला जाग येऊ नये म्हणून तोंडावर हात धरून. मलाही रडू आवरलं नाही. रडता रडता तिने खाटेच्या कडेवर डोकं टेकलं आणि तीही झोपली.

वडील आले तेव्हा झोपाळू नुकतीच जागी झाली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. "उठवू नका, काका."

ते स्टुलावर बसले. "फोनवर नुसती रडायची हो," एवढंच कुजबुजले आणि लेकीकडे बघत राहिले.

मुलगी उठल्यावर झोपाळूने तिचे केस मागे सारले. "आठवडाभर घरी जा, पोटभर झोप. आलीस की आपण समुपदेशक बाईंकडे जाऊ, मी येईन सोबत. मीही जायचे त्यांच्याकडे." मुलगी या वेळी "हो ताई" म्हणाली नाही.

हॉस्टेलच्या खोलीत वडिलांनी सामान आवरायला घेतलं. कपडे झाले, पुस्तकं झाली. मग ते खाटेखालचे ड्यूटीचे पांढरे बूट पिशवीत घालू लागले.

"ते कशाला, बाबा?" मुलगी म्हणाली. "ते इथेच राहू द्या. आल्या आल्या लागतील मला."