पेटीत बसल्याशिवाय माइक नाही

अण्णा सकाळी साडेसातला फिरायला म्हणून बाहेर पडत आणि नवाच्या सुमारास परत येत. हातात पाण्याची बाटली, खांद्यावर टॉवेल. फिरायला जाणारा माणूस टॉवेल कशाला नेतो, हा प्रश्न मला महिनाभर पडला नाही. मी त्याच घरात राहते, त्यांची एकुलती एक मुलगी आहे आणि आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत. तरी मला ते कळलं शेजारच्या काकूंकडून.

"सरांचा चेहरा बघ कसा उजळलाय," काकू फाटकातून म्हणाल्या. "पेटी मानवली त्यांना."

"कसली पेटी?"

"आगं माय! तुला बोलले न्हाईत? लाल उजेडाची. खताच्या दुकानावर हाय ती. आमचे हे बी जायलेत की."

खताच्या दुकानावरची ती पाटी मला चांगली माहीत होती. तिच्याखालून रोज जायचे आणि रोज संतापायचे. इन्फ्रारेड सौना. शरीरातलं विष बाहेर. शुगर, बीपी, थायरॉईड, गुडघे, सगळं गोळीविना. पाटीवर एक गोरी बाई घामानं निथळत हसत होती. आमच्या जिंतुरात मे महिन्यात सावलीला बसलेलं माणूसही निथळतं. तिथं घाम काढायचं केंद्र निघालं होतं, आणि लोक रांग लावत होते.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या मागून गेले. जिन्यात चपलांची ओळ होती. अंगठा शिवून घेतलेली त्यांची चप्पल तिसऱ्या पायरीवर सापडली. वरून माइकचा आवाज येत होता. रोज एकेकानं उठून आपला अनुभव सांगायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी तिथली पद्धत होती.

"नमस्कार. माझा उजवा खांदा दोन वर्षं धरला होता. हात वर जात नव्हता. इथं बसायला लागल्यापासून सदरा मला एकट्याला घालता येतो."

टाळ्या वाजल्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. अण्णांच्या ह्याच आवाजानं गावोगावच्या पारांवर विचारलं होतं की अंगाऱ्यानं ताप उतरत असेल तर सरकारी दवाखाना कशाला बांधलाय. मला पुढचं ऐकवेना. मी तिथूनच खाली उतरले.

मी पत्रकांवर वाढले. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आधी वालूरला, मग येलदरीकडच्या एका गावात. शाळा सुटली की त्यांचं दुसरं काम सुरू व्हायचं. ताईत, करणी, अंगात येणं, हुंडा. पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. अक्षरं मी त्यांच्या छापील बाजूवर शिकले आणि गणितं कोऱ्या बाजूवर सोडवली. पत्रक कसं लिहायचं याचे अण्णांचे नियम ठरलेले होते. एका पानाच्या वर जायचं नाही. शिव्या द्यायच्या नाहीत. एक खरं उदाहरण द्यायचं, पण नाव घ्यायचं नाही. "माणूस धरायचा न्हाई, गोष्ट धरायची," असं ते म्हणत. आणि छापायला टाकण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसानं ते वाचलंच पाहिजे. हे दुसरं माणूस आधी आई होती. "हे मला कळंना," असं ती म्हणाली की ते निमूट पुन्हा लिहायला बसत. पुढे ते काम माझ्याकडे आलं. आई गेल्यावर अण्णांनी स्वतः लिहिणं थांबवलं, मग लिहिणारी मी झाले आणि वाचणारे ते. खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत आमचं बोलणं तेवढंच उरलं होतं. जेवण झालं का, आणि हे वाक्य लांबलंय.

पेटीचं पत्रक मी त्यांना दाखवलं नाही.

त्या आठवड्यात काडेपेटी शोधताना त्यांच्या कपाटाच्या खणात मला बीपीच्या गोळ्यांची दोन पाकिटं दिसली. एकही गोळी फोडलेली नव्हती. मला वाटलं, झालं, हेही फसले. रागानं माझे कान तापले. एका बैठकीत मी सगळं लिहिलं. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, विष बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, त्यांना पेटी लागत नाही. इन्फ्रारेड डोळ्यांना दिसतच नाही, लाल उजेड हा साध्या दिव्याचा आहे. ऊब घेतल्यानं आखडलेलं अंग मोकळं होतं, हे खरं आहे. त्यापलीकडचा प्रत्येक दावा पुरावा मागून तपासा. मग उदाहरण दिलं: "आपल्याच गावातले एक निवृत्त शिक्षक. जन्मभर बुवाबाजीविरुद्ध बोलले. आज त्यांनी बीपीची गोळी सोडून पेटी धरली आहे."

नाव घेतलं नव्हतं. नियम पाळला होता.

परभणीहून छापून आणलेला गठ्ठा मांडीवर घेऊन मी एसटीनं परतले आणि बसस्थानकावर, आठवडी बाजारात, त्या जिन्याच्या पायरीपायरीवर पत्रकं वाटली. जन्मभर बुवाबाजीविरुद्ध बोललेले निवृत्त शिक्षक जिंतुरात किती असणार! संध्याकाळच्या आत गावाला कळलं. चहाच्या हॉटेलासमोरून जाताना मी स्वतः ऐकलं, कुणीतरी ओरडलं, "काय सर, गोळी घेतली का आज?" अण्णा पिशवी सांभाळत तसेच पुढे गेले.

घरी आल्यावर त्यांनी पत्रक टेबलावर ठेवलं, चष्मा लावला आणि शाळेतल्या सवयीनं लाल पेन काढलं. मी चहाचं पातेलं धरून उभी होते. त्यांनी सगळं सावकाश वाचलं.

"विषाचं बरोबर लिहिलंस," ते म्हणाले. "दिव्याचं बी बरोबर हाय." मग एका वाक्याखाली रेघ ओढली. "हे चूक हाय. गोळी सोडली न्हाई मी. दिवाळीनंतर डॉक्टरांनी बदलून दिली. जुनी पाकिटं परत द्यायची राहिली."

नवी गोळी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. त्यांनी ती काढून दाखवलीसुद्धा. पाकीट अर्धं रिकामं होतं.

"अण्णा, मला वाटलं..."

"तू विचारलं न्हाईस."

आवाज चढला नाही. चढला असता तर मी भांडले असते, आणि भांडणात आम्ही दोघंही तरबेज आहोत. ते उठून अंगणात गेले. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून ते पेटीकडे गेले नाहीत. साडेसातला बाहेर पडत, पण टॉवेल खुंटीलाच असे. काकूंनी फाटकातून बोलणं बंद केलं. घरात आम्ही एकमेकांना वाट देत चालायचो, एसटीत अनोळखी माणसं देतात तशी.

चूक छापली की दुरुस्ती छापायची, हेही मी त्यांच्याकडूनच शिकले होते. दुरुस्तीचं पत्रक लिहिलं, चार ओळींचं. या वेळी कागद त्यांच्यापुढे धरला.

"चष्मा सापडंना," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता.

"मग तुम्ही तिथं परत जा तरी. खांदा आखडायलाय तुमचा, मला दिसतंय."

"जाऊन काय सांगू? लेकीनं छापलं ते खोटं हाय म्हणू? का खरं हाय म्हणू?" ते म्हणाले, "तिथं गेलं की लोक विचारणारच की, बाई."

म्हणजे मला चारचौघांत खोटं पाडायला नको म्हणून ते पेटीकडे फिरकत नव्हते. हे कळल्यावर मला घरात बसवेना. दुरुस्तीचा तोच कागद घेऊन मी तो जिना चढले.

वर एक मोठी खोली होती. भिंतीला लागून बाक, बाकावर टॉवेल घेतलेली पंधरा-वीस म्हातारी माणसं, समोर लाकडाच्या दोन उभ्या पेट्या. पेट्यांना काचेची दारं होती. बायकांच्या पेटीच्या काचेवर पडदा लावला होता. केंद्र चालवणारी ताई पस्तिशीची, चटपटीत होती. मला पाहून तिनं ओठ आवळले.

"मला माइकवर दोन मिनिटं बोलायचंय," मी म्हटलं.

"पेटीत बसल्याशिवाय माइक न्हाई. नियम हाय. सगळ्यांना सारखा."

"मी भाषण करायला आले नाही. चूक कबूल करायला आलेय."

"मग बसून करा की कबूल."

बाकावर हशा पिकला. "बसू द्या हो ताई," एक आजोबा म्हणाले. "लय तापलेली हाय पोरगी. पेटीचा करंट वाचंल."

त्यांच्या शेजारच्या नऊवारीतल्या मावशींनी मला हाताला धरून खाली बसवलं. माइकसाठी त्या रोज सरांच्या मागच्या नंबरला असायच्या, असं त्यांनीच सांगितलं.

"तुझ्या बापाला बंद केलंस तू," मावशी म्हणाल्या. "आता इथं ताईचंच चालतंय."

"म्हणजे?"

"सर रोज दोन गोष्टी सांगायचे. आधी खांद्याची. मंग म्हणायचे, ही पेटी म्हणजे शेक हाय, औषध न्हाई, कुनी बी गोळी सोडू नका. ताईला लय राग यायचा. पहिल्या गोष्टीला टाळ्या, दुसरीला चिडीचूप. पन सांगायचे रोज. माझी सोडलेली गोळी त्यांनीच चालू केली." मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "आता परवापासनं त्या कोपऱ्यातल्या बाईनं सोडलीय. सांगायला कुनी न्हाई."

मी जिन्यातून पहिल्या गोष्टीवर उतरले होते. अजून चार श्वास थांबले असते तर दुसरी ऐकली असती. पुरावा, पुरावा म्हणत मोठी झालेली मी, अर्धी साक्ष ऐकून निकाल छापून बसले होते. आणि ज्या खोलीत सत्य सांगणारा एकच माणूस होता, तिथून त्याला मीच उठवलं होतं.

माझा नंबर आला. मी आत बसले, ताईनं दार लावलं.

आत लाकडाचा वास होता. मला वाटलं होतं मेमधल्या उन्हासारखं तोंडावर येईल, तसं काही झालं नाही. हवा सोसण्याइतकीच गरम होती. ऊब मात्र पाठीला थेट लागत होती, मागे कुणी तळहात ठेवून उभं असल्यासारखी. पाच मिनिटांनी मानेवरून पहिला घाम ओघळला. पडद्यामुळे बाहेरचं काही दिसत नव्हतं, माइकवरचं बोलणं घोगरं ऐकू येत होतं. मला आई आठवली. तव्यावर मीठ भाजून, फडक्यात बांधून ती अण्णांचा खांदा शेकायची. रोज, भाकरी झाल्यावर, तवा गरम आहे तोवर. ती गेल्यावर ते काम कुणाचं, हे आम्ही कधी बोललो नाही. आमच्याकडे बाप वाढलेल्या मुलीसमोर सदरा काढून बसत नाही, पाठ शेकून दे म्हणत नाही. आणि मीही कधी म्हटलं नाही. ते कुणालाच न विचारता एका लाकडी पेटीकडे गेले होते. तिच्याकडे मागावं लागत नव्हतं.

घड्याळ वाजलं. ताईनं टॉवेल दिला आणि माइक पुढे केला. नियमाची पक्की होती ती, तेवढं मान्य केलं पाहिजे.

"पाठीला बरं वाटलं," मी म्हटलं. दोघातिघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. "विष वगैरे काही निघालं नाही. निघालं ते पाणी आणि मीठ. खालच्या पाटीवर लिहिलंय ते खोटं आहे. गोळी सोडू नका. आणि माझ्या वडिलांनी गोळी सोडलेली नव्हती. मी न विचारता छापलं. ते खोटं होतं आणि ते माझं होतं."

कुणी टाळी वाजवली नाही. ताईनं माइक माझ्या हातून काढून घेतला. कोपऱ्यातली बाई टॉवेलाची घडी घालत खाली बघत होती. "बाप तशी लेक," आजोबा पुटपुटले. ते कौतुक होतं की टोमणा, मला कळलं नाही.

घरी अण्णा भिंतीसमोर उभे होते. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करत होते. बोटांनी भिंतीवर चढत जायचं आणि हात जिथं थांबेल तिथं पेन्सिलीनं खूण करायची. माझा ओला चेहरा त्यांनी पाहिला.

"पेटीत बसलीस?"

"बसल्याशिवाय माइक देत नाहीत."

"हं. गोळीचं सांगितलंस का?"

"सांगितलं. तुमचंही सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत."

"माझ्या वेळी बी वाजायच्या न्हाईत," ते म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

"आता या ना तुम्ही."

"नको. तू जातीस ना."

त्यानंतर ते गेले नाहीत. मावशींनी त्यांचा नंबर आठवडाभर राखून ठेवला होता. "दुसऱ्याला द्या म्हणाव," असं त्यांनी माझ्याजवळ सांगून पाठवलं. मी मात्र जाते. ज्या केंद्राविरुद्ध पत्रक काढलं तिथं टॉवेल घेऊन रांगेत बसते, वीस मिनिटं घाम काढते आणि दोन गोष्टी सांगते. पाटी अजून तशीच आहे. नगरपालिकेत अर्ज दिलाय, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिलाय, पुन्हा देईन. कोपऱ्यातल्या बाईनं गोळी चालू केली की नाही, ती सांगत नाही. बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना एकेक जागा रिकामी राहते.

एकदा परत आल्यावर मी भिंतीजवळ गेले. पेन्सिलीच्या खुणा खाली येत चालल्या होत्या. मिठाची पुरचुंडी शेकून देऊ का, असं विचारलं. "आता कुठं थंडी हाय," अण्णा म्हणाले. मार्च लागला होता, ते खरंच होतं.

"कालच्यापेक्षा किती खाली?" मी विचारलं.

त्यांनी बोट आडवं धरून मोजलं. "बोटभर," ते म्हणाले, आणि सदरा बदलायला आतल्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं. बराच वेळ लागला त्यांना.