लिनक्सवर न आलेला आवाज

कॉव्हेंट्रीच्या काकूंच्या लॅपटॉपला अपडेट मिळणं बंद झालं, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मी नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीच्या आयटीमध्ये आहे, आणि इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांच्या जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी हौसेने लिनक्स घालून देते. फुकट असतं, मशीनही पळायला लागतं.

बेल वाजवली तर आतून पुरुषाचा आवाज आला, "दार उघड गं, कुणीतरी आलंय."

मी दोन पावलं मागे सरले. काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि आवाज त्यांचाच होता.

काकूंनी दार उघडलं, हसल्या. "घाबरलीस? लॅपटॉप बोलला."

काकांना घशाचा कॅन्सर होता. ऑपरेशनच्या आधी त्यांनी तासन्‌तास वाचून स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला होता. त्यावरून एका सॉफ्टवेअरने त्यांचा आवाज तयार केला. पुढे काका टाइप करायचे आणि लॅपटॉप बोलायचा. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, त्यामुळे "ळ" नेहमी "ल" व्हायचा.

"आता मी टाइप करते," काकू म्हणाल्या. "घर फार क्वाएट असतं गं."

वरच्या चिमुकल्या बॉक्सरूममध्ये मी कामाला लागले. जुनी डिस्क काढून ठेवली, नवीवर लिनक्स घातलं आणि ते सॉफ्टवेअर कसंबसं चालू केलं. उघडलं. तपासायला म्हणून मी लिहिलं, चहा ठेव गं.

आवाज आला तो एका तरुण, सभ्य इंग्रजाचा. "चाहा थेव ग."

काकू चहा घेऊन जिन्यात पोचल्या होत्या. तिथेच थांबल्या. "हा कोण बोलतोय?"

"काकू, काकांचा आवाज त्याला सापडला नाही. हा सॉफ्टवेअरचा स्वतःचा, डिफॉल्ट आवाज आहे."

"शब्द यांचे आहेत. यांच्या जागी बसून बोलतोय तो. बंद कर आधी."

मशीन बंद होईपर्यंत त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. खरं सांगायचं तर मलाही त्या खोलीत पाठ भिंतीला लावून बसावंसं वाटत होतं.

जुनी डिस्क परत घातली, तसे काका परत बोलले. आवाजाची फाइल कुलूपबंद होती, लायसन्स त्या एकाच लॅपटॉपला आणि त्यातल्या जुन्या विंडोजला बांधलेलं, आणि बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली. मी हे समजावून सांगितलं.

"म्हणजे आवाज यांचा, आणि किल्ली त्या कंपनीकडे?" काकू म्हणाल्या.

ईमेल आणि बँकेसाठी मी त्यांना दुसरा लॅपटॉप लिनक्स घालून दिला. जुन्याचं इंटरनेट तोडलं. पण त्याचा पंखा घरघरत होता, तो फार दिवसांचा सोबती नव्हता. म्हणून मी नव्या लॅपटॉपशेजारी माइक ठेवला. "काकू, जुन्याकडून हवी ती वाक्यं बोलवून घ्या. साध्या फाइल राहतील, कुठेही वाजतील."

"तू खाली बस," त्या म्हणाल्या.

मी किचनमध्ये बसले. वरून बोलणं ऐकू येत होतं, कधी काकूंचं, कधी काकांचं. नवराबायको जेवण झाल्यावर बोलतात तसं. शब्द कळत नव्हते. मी नळ सोडला आणि उगीच कप धूत राहिले.

घरी येऊन रेकॉर्डिंगचे तुकडे पाडायला बसले. "भूक लागली." मागे काकूंचं हलकं "आणते". "लाइट बंद कर." "केला हो."

एके ठिकाणी मात्र काकूंचं "आले, आले" आधी होतं. मग बरीच शांतता. आणि त्यानंतर काका म्हणाले, "वर ये गं."

टाइप करता करताच बोलल्या असतील. मी तो तुकडा तीनदा ऐकला, मग खोलीतला मोठा दिवा लावला. कापला मात्र नाही.

स्प्रिंगमध्ये जुना लॅपटॉप बंद पडला. काकूंचा फोन आला. "तुझ्या लॅपटॉपवर छान वाजतं सगळं, बरं का."

"मग झालं तर, काकू."

"हो," त्या म्हणाल्या. "पण आता मी काही विचारलं, की ते जुनंच काहीतरी बोलतात."