पेचकस आणि पाडकामवाला

आमच्या गल्लीत सध्या अशी बातमी फिरते आहे, की खालच्या कॉम्प्युटरवालीने एका गिऱ्हाइकाच्या तळहातात पेचकस आरपार घातला. साफ खोटं. मी तिच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहते, आणि त्या वेळी अजिबात न बिघडलेला चार्जर दाखवायला दुकानातच बसले होते. आरपार वगैरे काही नाही. बोटं मोडली, दोनच, आणि तीही पॉवर सप्लायने.

बाईला सगळे पेचकसच म्हणतात. अंगानं बारीक, टोकाला धारदार. डाव्या भुवईवर टाक्यांची रेघ आहे, ती नवऱ्याची कृपा. त्याने तिला एकदा मॉनिटर फेकून मारला होता, जुना, पाठीला कुबड असलेला. ती टाके घालून आली आणि त्याच आठवड्यात तिने मॉनिटर दुरुस्त केला. नवरा मात्र दुरुस्तीला घेतला नाही. त्याची बॅग दाराबाहेर ठेवली. तो परत आला तेव्हा दार किलकिलं होतं आणि फटीतून सोल्डरिंगची तापलेली सळई बाहेर डोकावत होती. पुढे तो काही फिरकला नाही.

दुकानात मशीन आलं की इतर लोक विचारतात काय झालं. ही विचारते, कोणी मारलं? तिचं म्हणणं, बंद पडलेलं मशीन हातात येईपर्यंत त्याने मार खाल्लेलाच असतो. कोणी थापट घालतं, कोणी मूठ. एकाने तर चप्पल काढली होती. कबूल कोणीच करत नाही. सगळे म्हणतात, आपोआप झालं.

त्या दिवशी पाडकामवाला आला. हा माणूस जुन्या इमारती पाडायची कंत्राटं घेतो आणि घरातसुद्धा त्याच कामाच्या आवाजात बोलतो. पायात लोखंडी टोकाचे बूट. मागे त्याचा घरजावई, छातीशी कॉम्प्युटरचा डबा धरून. एक डोळा सुजून बंद झालेला, ओठ फाटलेला. सासऱ्याने डबा काउंटरवर ठेवायला सांगितलं आणि जावयाला मानगुटीला धरून उभं केलं, जणू तोही दाखवायला आणलेला नग होता.

झालं होतं ते असं. सासऱ्याच्या कार्यालयाचं मशीन रखडत चालायचं, म्हणून जावयाने आदल्या संध्याकाळी त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम घातली. ती नीट चाललीही. सकाळी मात्र काळा पडदा आणि एक ओळ: सुरू करायला डिस्क सापडत नाही. डिस्कवर एका सहा मजली इमारतीचे नकाशे होते, कुठली भिंत आधी पाडायची, कुठली शेवटी. पाडायची यंत्रं घेऊन माणसं त्या इमारतीपाशी उभी होती. सासऱ्याचं म्हणणं, जावयाने ते मुद्दाम पुसले. नकाशे निघाले नाहीत तर ह्याचे हात राहणार नाहीत, असं त्याने पेचकसला समजावलं. तो हे रागाने बोलत नव्हता. कामाची वेळ सांगावी तसं सांगत होता.

"कोणी मारलं?" तिने विचारलं.

"ह्याला? मी," पाडकामवाला म्हणाला.

"मशीनला."

कोणीच नाही, असं दोघेही म्हणाले. जावई हे म्हणताना सासऱ्याच्या बुटांकडे बघत होता. तिने ते पाहिलं, मीही पाहिलं.

तिने पत्रा उघडला. डिस्क सोडवली, पंखा आणि मेमरीची एक पट्टी तेवढी ठेवली आणि वीज दिली. तिची पद्धतच ती: आधी मशीनला उपाशी ठेवायचं, मग एकेक घास. पडद्यावर तारीख उमटली, कित्येक वर्षांपूर्वीची. तेवढ्यात सासऱ्याने वाट बघून कंटाळल्यासारखं जावयाचं डोकं काउंटरवर आपटलं. नाकाचं रक्त कीबोर्डच्या फटीत गेलं. तिने कीबोर्ड बाजूला सरकवला आणि टॉर्च लावला.

तारीख सांभाळणारा बटणाएवढा सेल जागेवर नव्हता. तो डब्याच्या तळाशी सापडला. समोरच्या पत्र्याला बुटाच्या टोकाचा खळगा होता. लाथेने सेल निखळला तशी मशीनची सगळी आठवण गेली, तिने सांगितलं. डिस्क जुन्या पद्धतीने उघडायची हे ते विसरलं आणि नव्या पद्धतीने शोधत बसलं. पुसलेलं काहीच नाही. तिने सेल बसवला, डिस्क जोडली, सेटिंगमध्ये जुनी पद्धत निवडली. पडद्यावर चक्र फिरलं, थांबल्यासारखं झालं, परत फिरलं. मग नकाशे आले, सहाच्या सहा मजले, लाल खुणांसकट.

मला वाटलं, सुटला पोरगा. सासरा पडद्याकडे बघत राहिला, मग खळग्याकडे, मग माझ्याकडे. बाईमाणसांसमोर तो खोटा ठरला होता. "मग सकाळीच तोंड उघडायला काय झालं होतं तुला?" असं म्हणत त्याने जावयाला भिंतीवर फेकलं, तो खाली पडला तेव्हा बरगडीत बूट घातला, आणि पुन्हा मारायला मूठ उगारली.

कपाटावर एक बाद झालेला पॉवर सप्लाय होता, विटेएवढा लोखंडी डबा, तारांची शेपटी लोंबणारा. पेचकसने शेपटी मनगटाला गुंडाळली आणि डबा फिरवून त्या मुठीवर हाणला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळकी काटकी मोडावी तसा होता. तिने डबा दुसऱ्यांदा उचलला, तेव्हा पाडकामवाला सापडेल तिथे खाली बसला.

जावई भिंतीला धरून उठला. बरगडी दाबत म्हणाला, "बाबा, मी घरी येत नाही. तिला इकडे पाठवा, तिचे कपडे घेऊन." आवाज कापत होता, पण वाक्य त्याने पुरं केलं. निरोप मीच फोनवरून दिला. त्याची बायको तासाभरात आली, दोन पिशव्या घेऊन. जणू भरूनच ठेवल्या होत्या.

ती येईपर्यंत सासरा हात काखेत दाबून जमिनीवरच होता. रंग उडालेला, पण तोरा शाबूत. पेचकसला म्हणाला, "घरातला मामला होता आमचा. कशाचा पत्ता नाही आणि सरळ हात उचललास?"

ती मनगटावरची तार सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "मी आधी तपासते, मग मारते. तुम्ही उलटं करता."