मधल्या पाचाला न्याय मिळवून देताना

बुधवारी संध्याकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला. वेळ एवढी नेमकी कशी सांगते म्हणाल, तर सहाला खोलीवाल्यांचे निरोप येतात आणि सव्वासहाला मी तवा ठेवते. मधली काही मिनिटं मी रिकामी असते. आणि मी रिकामी बसले की काय काय होतं, ते आमच्या ह्यांना विचारा!

खोलीवाले म्हणजे समोरच्या इमारतीत राहणारी पोरं. आम्ही कोरमंगलाच्या मागच्या गल्लीत राहतो, तिथं अशी कॉम्प्युटरवाली पोरं पैशाला पासरी. मी तीन खोल्यांना चपात्या देते. पहिल्या खोलीत पुण्याचे दोघं, दुसरीत नागपूरचा एकटा, तिसरीत एक डाएटवाला. त्या दिवशी निरोप आला: सात, सहा, तीन. डाएटवाल्यानं तीन मागितल्या म्हणजे ऑफिसात काहीतरी बिनसलं असणार! "सात न् तीन, एक ताट भरलं, वर सहा," असं पुटपुटत मी सोळा गोळे केले, ओल्या फडक्याखाली झाकले, हात धुतले आणि ओवीची वही उघडली.

तिथंच चुकलं.

ओवी माझी लेक. पहिलीत आहे. शाळा इंग्रजी, मिस कानडी, आई सातवी पास. आमच्या गावात शाळाच सातवीपर्यंत होती, पुढं तालुक्याला कोण पाठवतंय? त्यामुळे ओवीची वही हातात घेतली की मी आधी आकडे शोधते. इंग्रजी कळत नाही, कानडी कळत नाही. पण आकडे? आकडे तर जगात सगळीकडे सारखेच ना? निदान आकड्यांत तरी माझ्या पोरीला कुणी फसवायला नको!

वर्गातली वही एरवी शाळेतच असते. शुक्रवारी परीक्षा, म्हणून त्या दिवशी घरी आली होती. तीन आकड्यांच्या बेरजा. पहिलीच बेरीज बघितली आणि माझं डोकंच फिरलं.

आठ अधिक पाच अधिक दोन. आणि ओवीनं काय केलेलं? आठापासून एक कमान काढलेली, ती पाचाच्या डोक्यावरून थेट दोनापर्यंत! कमानीवर दहा लिहिलेलं. पाच बिचारा कमानीखाली बसलेला, लग्नात मांडवाबाहेर बसवल्यासारखा.

"ओवे, हे काय गं?"

"बेरीज."

"ते दिसतंय मला. ह्या पाचाच्या डोक्यावरून उडी का मारलीस?"

"आठाला दोन पाहिजे."

"आठाला काय पाहिजे ते तू कोण ठरवणार? मध्ये पाच बसलाय ना?"

"तो नंतर येतो."

"नंतर का? त्याचा नंबर आधी आहे!"

मी बोटांच्या पेरांवर मोजलं. पंधरा. परत मोजलं, चौदा. तिसऱ्यांदा परत पंधरा. वहीत उत्तर काय होतं? पंधरा.

आता उत्तर बरोबर आल्यावर शहाण्या बाईनं काय करावं? तवा ठेवावा. पण मी म्हटलं, चुकीच्या वाटेनं जाऊन पोरगी बरोबर घरी पोचली, म्हणजे कुणाच्या तरी मागनं गेली असणार!

"कुणाचं बघून लिहिलंस?"

"कुणाचंच नाही."

"मग असं मिसनी शिकवलं?"

ओवीनं माझ्याकडं बघितलं. मग ओट्यावरच्या ताटाकडं बघितलं. मग खांदे उडवले.

मी धरलं, मिसनीच.

मग काय, मी खोडरबर घेतलं आणि दोन पानांवरच्या सगळ्या कमानी खोडून काढल्या. एका ठिकाणी कागदाला भोक पडलं तरी थांबले नाही. मधल्या आकड्याला न्याय मिळालाच पाहिजे!

"पाण्याच्या टँकरला आपण कसे उभे राहतो?"

"रांगेत."

"आणि कुणी मध्ये घुसलं तर?"

"तू भांडतेस."

"मग? आकडे पण रांगेतच जाणार. आधी आठ, मग पाच, मग दोन. बोटांवर मोज."

पोरगी मोजायला लागली. आठ बोटं उघडली, दोन राहिली. रडवेली झाली. "आई, बोटं संपली."

"पायाची आहेत ना!"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं माझ्याच गळ्यात पडणार आहे.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? माझ्या पायांना चैन नाही. तवा तापतोय, मी लाटतेय, मध्येच वही बघतेय, परत लाटतेय. शेवटी मोबाईल उचलला आणि वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर बोलूनच निरोप टाकला. ग्रुपमध्ये तमिळ, तेलुगू, कानडी सगळ्या, म्हणून हिंदीत. माझं हिंदी कसं आहे ते ऐका: "बहनों, सावध रहना! अपने बच्चों की वही खोलके देखो! स्कूल में बीचवाला आकडा वाळीत टाक रहे हैं!"

दहा मिनिटांत सहाजणींची उत्तरं. आमच्या वहीत तसं काही नाही. आमच्याही नाही. आमच्याही नाही.

आता तुम्हीच सांगा, इथं तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला नको होता? पडला, पण भलताच! म्हणजे एकट्या माझ्याच पोरीला असं शिकवतात? आई सातवी शिकलेली, तिला काय कळणार, म्हणून? त्या विचारात तीन चपात्या करपल्या. त्या नेमक्या डाएटवाल्याला गेल्या.

हे होसकोट्याच्या कारखान्यातून आठला आले. मी दारातच वही पुढं केली.

"उत्तर बरोबर आहे ना?" हे म्हणाले.

"आहे, पण..."

"मग वाढ जेवायला."

बघा! बापांना काही काळजी असते का?

गुरुवारी संध्याकाळीही मी रांगेचा सराव घेतला. ही पोरगी एरवी जिन्याच्या पायऱ्या मोजते, भेंडीतल्या बिया मोजते, शेजारच्यांच्या दोरीवरचे कपडेसुद्धा मोजते. त्या दिवशी काहीच मोजलं नाही. मी म्हटलं, शिस्त लागली!

शुक्रवारी दुपारी शाळेची रिक्षा आली. ओवी उतरली ती अनवाणी, मोजे खिशात कोंबून, बूट हातात घेऊन.

"मोजे का काढलेस गं?"

"बोटं संपली."

मी कपाळाला हात लावला. परीक्षेतल्या दहा बेरजांपैकी चारच झाल्या होत्या, बाकीच्या वेळी पोरगी बुटाच्या नाड्या सोडत होती! डायरीत मिसची चिठ्ठी. ती घेऊन मी वरच्या मजल्यावर मंगलाअक्कांकडे पळाले. मंगलाअक्का आमच्या घरमालकीण. मराठीच, पण त्यांचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहे की त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कानडी.

अक्कांनी चष्मा लावून वाचलं. "उद्या दहाला भेटायला या म्हणतात. सोमवारपासून ओवीला एक्स्ट्रा क्लास लागेल की काय, ते बोलायचं आहे."

एक्स्ट्रा क्लास! म्हणजे शाळा सुटल्यावर रोज पाचपर्यंत, कच्च्या मुलांबरोबर. खाली आले तर ओवी कोपऱ्यात बसलेली.

"आई, मला गणित नको. माझं पोट दुखतंय."

मी पण सातवीनंतर असंच म्हणायचे. मला शाळा नकोच होती, म्हणायचे. कुणी विचारायच्या आत. ओवीचं ते वाक्य ऐकलं आणि मी तिला जवळ ओढलं. पण डोकं अजून तिथंच! म्हटलं, उद्या त्या मिसला सोडत नाही.

शनिवारी दहाला मी, ओवी आणि मंगलाअक्का शाळेत. अक्कांना दुभाषी म्हणून नेलं. शोभा मिस माझ्याहून लहानच असेल, पण नीटनेटकी साडी, हातात लाल पेन. लाल पेन बघितलं की मला अजूनही उभं राहावंसं वाटतं.

तरी मी सुरू झाले. मधला आकडा, त्याचा हक्क, रांग, टँकर, माझी पोरगी काय रस्त्यावर पडलीय का, सातवी शिकले म्हणून काय झालं, सगळं बोलले. दम लागला तेव्हा थांबले.

अक्का मिसकडे वळून कानडीत जेमतेम पाच शब्द बोलल्या.

"अक्का, एवढंच? मी एवढं बोलले!"

"सरी, सरी. तुला स्वल्प शंका आहे म्हणून सांगितलं. बाकीचं सांगायचं कशाला गं, त्यांच्या शाळेत उभं राहून?"

मिसनी वही उघडली. नेमकं ते भोक पडलेलं पान! तिनं पान खिडकीच्या उजेडात धरलं. खोडलेल्या कमानी सगळ्या दिसत होत्या. पेन्सिल दाबून लिहायची सवय आहे ना ओवीला.

"हे कुणी खोडलं?" अक्कांनी विचारलं. म्हणजे मिसनी विचारलं, अक्कांनी मराठीत आणलं.

मी छताकडं बघितलं. पंखा चांगला होता.

मग मिस बराच वेळ बोलली आणि अक्का एकेक वाक्य मला वाढत गेल्या. "मिस म्हणतात, मी वर्गात एकेक घर पुढं मोजायला शिकवलंय... दहाची जोडी आधी लावायची, हे मी अजून शिकवलेलंच नाही, पुढच्या महिन्यात आहे... ओवी सोमवारी आपणहून तसं करायला लागली... वर्गात सगळ्यांत आधी हिचंच व्हायचं... मी बाकीच्या मिसना हिची वही दाखवली... बुधवारनंतर हिला काय झालं?"

शेवटचा प्रश्न अक्कांनी दोनदा विचारला. एकदा मिसचा म्हणून. एकदा स्वतःचा.

मिसनी ओवीला जवळ घेतलं आणि काहीतरी विचारलं. ओवीनं माझ्याकडं बोट केलं.

"आईनं शिकवलं."

"मी?" मी ताडकन उठले. "मी कधी? मी तर उलट..."

ओवीनं फ्रॉकला हात पुसले, अगदी मी गाऊनला पुसते तसे, आणि माझ्याच ठसक्यात म्हणाली, "सात न् तीन, एक ताट भरलं, वर सहा!"

अहो, मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मला ताटासकट पोटात घ्यावं!

आमच्या त्या ताटात दहाच गोळे मावतात. दोन वर्षं झाली, रोज संध्याकाळी मी तेच करतेय. दहा कुणाकुणाचे होतात ते आधी बघायचं, उरलेले वर. खोल्यांची रांग बघत कोण बसतंय? नागपूरवाला दोन वर्षं रोज मधल्या मध्ये ताटाबाहेर राहतोय, त्याला कधी न्याय दिला नाही मी! आणि ह्याला गणित म्हणतात हे मला कुणी सांगितलं होतं? मला वाटायचं, चपात्या.

"अगं, मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"तू चूक म्हणालीस ना." ओवी बुटाच्या टोकाकडं बघत होती. "मला वाटलं, ते चपात्यांना बरोबर आणि वहीत चूक."

मी तिला उचलून कडेवर घेतलं. पहिलीतली घोडी आहे, कंबर गेली, पण घेतलं. "वहीत पण बरोबर," म्हटलं. "आईच चुकली. जोरात चुकली."

तेवढ्यात मिस अक्कांना काही म्हणाली आणि अक्का खो-खो हसायला लागल्या.

"काय म्हणाल्या? अक्का, सांगा ना!"

"ओवीला एक्स्ट्रा क्लास नको म्हणतात."

"देव पावला!"

"स्वल्प थांब. तुला यायला सांगितलंय."

"मला? एक्स्ट्रा क्लासला?"

"शिकायला नाही गं अम्मा, शिकवायला! पुढच्या शनिवारी. ताट आणि गोळे घेऊन ये म्हणतात, सगळ्या वर्गाला दाखव."

माझ्या पोटात गोळा आला, तोही ताटात न मावणारा. सातवी पास बाई, इंग्रजी शाळेत, फळ्यासमोर! पण ओवी कडेवरून जोरजोरात मान हलवत होती आणि खाली उतरताच तिनं जिना उतरताना पायऱ्या मोजल्या. मोठ्यानं. मग नाही कसं म्हणणार?

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण दुपारी गावाहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन.

"ताई, तिकडं बेंगळुरात काय चाललंय गं? मोबाईलवर एका बाईचा निरोप फिरतोय. शाळेत मधला आकडा सोडून बेरीज शिकवतात म्हणे. सावध राहा म्हणून ओरडतीय. इथं तिघींनी पोरांच्या वह्या खोडल्या."

मी खाली बसले. "कोण बाई?"

"काय की. आवाज तुझ्यासारखाच चिरका. पण तू नव्हेस, हिंदी तुझ्याहून वाईट आहे."

तर बायांनो आणि बाप्यांनो, तो निरोप तुमच्यापर्यंत आला असेल, तर ती बाई मीच. पोरांच्या वहीतल्या कमानी खोडू नका. आठाला दोन भेटू दे, पाच येतो मागनं, त्याला काही वाटत नाही. मोजे पायातच राहू देत. एवढं सगळ्यांना कळवा. आणि कळवताना आधी कुणाला, मग कुणाला, ही रांग बघू नका. कुठूनही सुरू करा, वेड्या बायका मोजल्या तर शेवटी एकच भरणार, मी.