माळोबाचा नंबर

तात्या रानात कधी रिकाम्या हातानं चालले नाहीत. चार पावलं टाकली की वाकायचे, एखादा दगड उचलायचे आणि पुढचा बुरूज आला की त्यावर नीट बसवून द्यायचे. बुरूज म्हणजे किल्ल्याचा नव्हे. वनखात्याच्या हद्दीवर रचलेला दगडांचा ढीग, मधोमध एक उभा दगड आणि त्यावर छिन्नीनं कोरलेला आकडा. कळस गावच्या माळावरचे असे सगळे बुरूज तात्यांनी पोटच्या पोरांसारखे सांभाळले. खात्यात ते साधे वनमजूर होते. अंगात कुण्या जुन्या गार्डानं दिलेला खाकी शर्ट आणि खाली धोतर.

आमची पहिली भेट म्हणजे माझी फजितीच. मी बारामतीची, बदली होऊन कळसच्या शाळेत आलेली भूगोलाची बाई. सातवीचा वर्ग घेऊन माळावर गेले आणि हात लांब करून म्हणाले, "मुलांनो, हे बघा पडीक माळरान." मागून आवाज आला, "बाई, पडीक कशावरनं?"

तात्या होते. त्यांनी आम्हाला दहा पावलांवर नेलं. गवताच्या बुडाशी चंडोलाचं वाटीएवढं घरटं, आत तीन अंडी. थोडं पुढं चिंकारा हरणाच्या खुरांचे ठसे, आणि त्याच्याही पुढं लांडगा पहाटे बसून गेलेली जागा. "झाडं न्हाईत म्हंजी जंगल न्हाय, हे कुणी शिकवलं तुमास्नी? गवताचं बी जंगलच असतंय," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात एक दगड ठेवला. "धरा. रिकाम्या हातानं जायचं न्हाय." मुलं खिदळली. मला असा राग आला म्हणता! पण दगड घेतला.

पुढं शाळेच्या वर्धापनदिनासाठी गावाची पुस्तिका लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा तात्यांशिवाय पान हलेना. कोणतं घराणं कोणत्या दुष्काळात इथं आलं, मेंढरं कुठल्या उतारावर बसायची, कालव्याचं पाणी आल्यावर कुठली बाजू उसानं हिरवी झाली आणि कुठली तशीच राहिली, सगळं तोंडपाठ. मी बुरुजांचा नकाशासुद्धा काढला. पाच, सहा, मग माळोबाचं ठाणं, मग आठ, नऊ. माळोबा म्हणजे शेंदूर फासलेला उभा दगड, नवसाला पावणारा. गावात तात्यांना मान होता तो त्याच्यामुळंच. नवसाचा नारळ त्यांच्याच हातून फुटायचा.

"तात्या, हा देव किती जुना?" मी विचारलं.

"लोक जुना म्हणत्यात," ते म्हणाले, आणि त्यांना जो खोकला लागला तो चहा येईपर्यंत थांबेना. मी आपलं लिहून मोकळी झाले: 'पुरातन व जागृत देवस्थान.' सहानंतर एकदम आठ कसा आला, हे भूगोलाच्या बाईच्या डोक्यात येऊ नये? नाही आलं.

दोन वर्षांनी ते एक वाक्य माझ्याच गळ्याशी आलं. गावातल्या काही वजनदार मंडळींनी ठरवलं की माळोबाला मोठा सभामंडप बांधायचा, भोवतालचा माळ सपाट करून फरशी घालायची, गाड्या लावायला जागा करायची. ग्रामसभा भरली. वनखात्याचे साहेब म्हणाले, जागा वनाची आहे. त्यावर माझी पुस्तिका टेबलावर आपटली गेली. "देव पुरातन हाय, बाईंनीच लिवलंय! देव आदी, तुमची हद्द मागनं आली. जागा देवाची." टाळ्या पडल्या. ठराव झाला की आठवड्यात जेसीबी येणार होता, आणि मला ती तीन अंडीच दिसत होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून तात्या उठले. हात जोडलेले, पण आवाज खणखणीत. "देव जुना न्हाय. माझ्यापरास ल्हान हाय."

टेबलापाशी येऊन ते सांगायला लागले.

"दर नांगरटीला सात नंबरचा बुरूज शेताकडनं फूटभर माळात सरकायचा. मी परत लावायचो, त्यो परत सरकायचा. सायबाच्या शिव्या मला. शेवटी एका शनिवारी मारुतीचा उरल्याला शेंदूर घिऊन गेलो आन् दिला फासून. दुसऱ्या दिसापास्नं कुणी हात लावला न्हाय. पण आठ दिसांत नारळ फुटला, महिन्यात नवस झाला. मग सांगायचं तरी कुणाला? आन् खरं सांगू? माझ्या लेकीचं बाळंतपण अडलं तवा मी सुदिक त्येच्याच पाया पडलो."

"पुरावा काय?" कुणीतरी ओरडलं.

"खरवडा की. खाली सात हाय."

पण देवाला खुरपं कोण लावणार? दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव माळावर जमलं आणि दहा हात लांब उभं राहिलं. तात्यांनी आधी दगडाच्या पाया पडून "माफ कर रं बाबा" म्हटलं, आणि मग खुरपं लावलं. शेंदराचे पापुद्र्यावर पापुद्रे निघाले. खाली सात.

मला वाटलं, संपलं, आता गाव या माणसाला दारात उभं करणार नाही. मग शेजारच्या शेताचे मालक आबा पुढं आले. माळोबाचे सगळ्यात जुने भक्त, मंडपासाठी सगळ्यात पुढं तेच. ते त्या आकड्याकडं बघत राहिले, मग तात्यांकडं.

"म्हंजी तात्या, मी इतकी वर्सं तुज्या पाया पडत हुतो व्हय?"

आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळा माळ हसायला लागला. आबा डोकं खाजवत म्हणाले, "आता सांगूनच टाकतो. बुरूज सरकवणारा मीच. रातीत दगडाला शेंदूर चढल्याला बघितला आन् पयला नारळ बी मीच फोडला, भ्यानं!" मग साहेबांकडं वळून म्हणाले, "देव ऱ्हाऊ द्या. मंडप बांधू शाळंपाशी. माळोबाला माळच पायजे."

इतकं हलकं मला नोकरी लागली त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

त्याच दुपारी तात्यांनी पुन्हा शेंदूर लावला, सातचा आकडा तेवढा उघडा ठेवून. मी पुस्तिकेचं ते पान बदलून छापलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. म्हणाले, "चला, आता मरायला मोकळा झालो." आणि त्यानंतर चांगली चार वर्षं जगले, दर सहलीला पुढं!

गेल्या उन्हाळ्यात तात्या गेले. तेराव्याला मुलांना घेऊन मी माळावर गेले. सात नंबरपाशी आबा उकिडवे बसले होते, शेजारी रंगवायच्या चुन्याचा डबा, आणि हातातला दगड बुरुजावर बसवत होते. मी बघतेय हे लक्षात येताच जरा वरमले. म्हणाले, "बाई, शेताकडं आलो हुतो. म्हटलं, रिकाम्या हातानं कशाला जा."