भोंगा वाजला होता, वहिनी

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. देवळात हात जोडले तेव्हाही हा विषय टाळून भलतंच काहीतरी मागितलं आणि बाहेर आले. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गिळून गिळून आता घशाखाली उतरत नाही म्हणून. काही का असेना, ऐका. मी मध्येच फाटे फोडीन, भलतीकडचं बोलेन — तेव्हा समजा की बाई घाबरलीय.

मी राहुरीची. शेतीची पदवी झाल्यावर नगरच्या एका कॉलेजात एमबीएला गेले — इनोव्हेशन मॅनेजमेंट. आई शेजारणींना सांगायची, पोरगी नवीन नवीन शोध लावायला शिकतेय. शोध लावायला कसलं हो! एखादी कल्पना लोकांच्या गळी कशी उतरवायची, त्यांना ती खरंच हवीय का हे आधी कसं ताडायचं, मग ती वाढवायची कशी, हे शिकत होते. मला ते मनापासून आवडायचं. आमच्या वर्गात सगळे बोलायचे, पण सरांनी प्रश्न टाकला की माना माझ्याकडं वळायच्या. त्या वळलेल्या मानांची चटक लागते. मला लागली होती.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं गावाकडचा एखादा खरा प्रश्न घ्यायचा आणि त्यावर चालणारं उत्तर लोकांमध्ये वापरून दाखवायचं होतं. बाकीच्यांनी दूध घेतलं, कांदा घेतला. मी बिबट्या घेतला. आमच्या भागात उसाला तोड लागली की बिबटे उघड्यावर पडतात, वस्त्यांकडं सरकतात. दिवेलागणीला कुत्रं उचलतात, शेळी उचलतात. आणि कधी कधी — राहू द्या, येईलच ते.

कोल्हारच्या पुढं, प्रवरेच्या अंगाला एक वस्ती आहे. चार-दोन घरं, भोवती ऊस. त्यातलं एक घर रूथवहिनीचं. नवरा दानियलदादा कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, आणि एक मुलगी, एस्तेर. शाळेत नुकतीच जायला लागलेली, पुढचे दात पडलेले, त्या फटीतून शिट्टी वाजवायची आणि आईच्या शिव्या खायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वहिनीनं शेळीच्या दुधाचा चहा दिला. मी तोंड वाकडं न करता प्यायले म्हणून तिनं मला पास केलं, असं ती नंतर हसून सांगायची. नाताळात तिनं मला डबा भरून करंज्या दिल्या. पुरं हॉस्टेल जेवलं त्यावर.

माझं यंत्र असं होतं. बांधावरच्या लिंबाला अंधारात दिसणारा कॅमेरा. वहिनीच्या अंगणात खांबावर भोंगा आणि झगझगीत दिवा. कॅमेऱ्याला बिबट्या दिसला की यंत्र तो ओळखणार आणि भोंगा वाजवणार. वस्तीला मी हेच सांगितलं होतं.

पण यंत्र बिबट्या ओळखत नव्हतं. मी ओळखत होते.

आमच्या अभ्यासात ही एक मान्य पद्धत आहे. खरं यंत्र बनवण्याआधी पडद्यामागं माणूस बसवायचा आणि लोकांना वाटू द्यायचं की यंत्रच काम करतंय. म्हणजे लोकांना ते उपयोगी पडतं का, हे फुकट मेहनत न करता कळतं. त्यात पाप नाही. थोडे दिवस करायचं, मग लोकांना खरं सांगायचं आणि यंत्र जागेवर बसवायचं. सरांनी तसंच बजावलं होतं. मी दिवस मावळायला लागला की हॉस्टेलच्या खोलीत मोबाईल घेऊन बसायची, वस्तीची दारं बंद होईपर्यंत कॅमेरा बघायची. काही हललं की बटण दाबायची, आणि तिकडं कोल्हारला भोंगा बोंबलायचा. एकदा खरंच बिबट्या आला. मी दाबलं, तो वळला, सकाळी बांधावर पंजे दिसले. दानियलदादानं फोन करून आरोळी ठोकली — ‘ताई, तुमचं मशीन लई भारी हाय!’ माझे पाय जमिनीवर राहिले असतील का?

पुढं सॉफ्टवेअर लिहून घेतलं. ते कुत्र्याला बिबट्या म्हणायचं आणि बिबट्याला काहीच म्हणायचं नाही. सरांना मी सांगितलं, बसवलं, चालतंय. वस्तीला तर काय, आधीपासून तेच सांगितलेलं. बटण मात्र रोज मीच दाबत राहिले, आणि तेव्हापासून जगात एकट्या मलाच माहीत होतं की त्या खांबावर कुणी जागं नाही.

आणखी एक केलं मी. हे सांगताना जास्त लाज वाटते. वस्तीवर पूर्वीपासून रीत होती — तिन्हीसांजेला बायका थाळ्या बडवायच्या. अंगणात कुणी निघालं, परसाकडं निघालं, शेळ्या बांधायला निघालं की मागून कुणीतरी थाळी बडवत राहायचं. लहान पोराला एकट्यानं सोडायचं नाही. मी ती रीत बंद करायला लावली. का? कारण थाळ्या चालू राहिल्या तर फरक माझ्या यंत्रानं पडला की थाळ्यांनी, हे सिद्ध कसं होणार? परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार. वहिनी कचरली. म्हणाली, ‘भोंगा हाय ते झाक हाय, पन थाळी कशापायी बंद? ऱ्हाऊ द्या की दोनी.’ मी म्हटलं, मग यंत्राचा उपयोग काय, वहिनी? विश्वास नाही का माझ्यावर? तिला वाईट वाटलं. थाळी मांडणीवर गेली.

माझ्यावर विश्वास होता हो तिचा. तिथंच तर सगळं आलं.

मग अंतिम फेरीचा दिवस. पुण्याहून परीक्षक येणार, सभागृह भरलेलं. माझा नंबर दुपारी होता. म्हणजे संध्याकाळी मी खोलीत, मोबाईलसमोर. पण पाहुण्यांना उशीर झाला, सत्कार लांबले, आणि माझा नंबर सरकत सरकत बरोबर दिवेलागणीवर आला. मी स्टेजच्या बाजूला उभी होते. खिडकीबाहेर उजेड पिवळा पडत होता. मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. एक फोन करायचा होता — वहिनी, आज मशीन बिघडलंय, थाळी काढा, पोरीला आत घ्या. एवढंच. फोन हातात होता. नेटवर्क होतं. वेळही होता.

नाही केला. यंत्र बिघडलं असं वस्तीवर पसरलं असतं, परीक्षक नंतर कधीतरी तिथं जाणार होते, कुणीतरी बोललं असतं. आजवर एकही दिवस बंद न पडलेलं यंत्र, असं माझ्या भाषणात होतं. त्या एका वाक्यासाठी. एका संध्याकाळीत काय होतंय, असं मी स्वतःला म्हटलं, फोन सायलेंटवर टाकला आणि स्टेजवर गेले.

भाषण छान झालं. शेवटी मी हात वर करून म्हटलं, ‘मी इथं बोलतेय, पण माझं यंत्र याही क्षणी तिथं पहारा देतंय.’ टाळ्या पडल्या. कितीतरी वेळ पडत राहिल्या.

त्याच सुमाराला, वस्तीवरची बाकीची माणसं अजून तोडीवरून परतली नव्हती तेव्हा, वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होती. बाहेर एक करडू सुटलं होतं. एस्तेर म्हणाली, मी आणते. वहिनीनं कान दिला — भोंगा गप्प होता. जा, पटकन ये, म्हणाली.

पुढचं मी सांगणार नाही. पोरगी त्याच रात्री उसात सापडली. जिवंत नव्हती.

माझ्या मोबाईलवर दानियलदादाचे कॉल पडलेले होते, ते मी बक्षीस घेऊन खाली उतरल्यावर पाहिले. हो, पहिलं बक्षीस मलाच. हातात ढाल घेऊन मी संडासात जाऊन ओकले. मग तोंड धुतलं आणि फोटोला उभी राहिले. त्या फोटोत मी हसतेय. घरी भिंतीवर लावलाय आईनं.

दफन झाल्यावर दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं नाही ते. खांबावरचं सामान काढून आणायला गेले होते. वनखात्याची माणसं फिरत होती, पिंजरा लावत होती, त्यांनी ते उघडून बघू नये म्हणून. मी शिडीवर होते. वहिनी खाली येऊन उभी राहिली. डोळे कोरडे, पदर मातीनं भरलेला. ती भांडायला आली असती तर? माझी गचांडी धरली असती तर कदाचित मी — पण नाही. तिनं फक्त विचारलं. अगदी हळू. जसं काही तिचीच चूक कबूल करायला आली होती.

‘ताई, भोंगा वाजला हुता का वो? रस्त्यानं ट्रॅक्टर चाललेले, टेप लावून. माझी भाकर तव्यावर. मला काय ऐकू आलं न्हाई.’

वाट तिनंच दाखवली बघा मला. बिचारीनं स्वतःच्या हातानं दार उघडून दिलं. मी एकदा वनखात्याच्या माणसांकडं पाहिलं, आणि म्हटलं, ‘वाजला होता, वहिनी.’

तिनं मान हलवली. खाली बसली, आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान मारायला लागली. मी शिडीवरून बघत होते. तारा सोडवत होते.

हाच माझा गुन्हा. फोन केला नाही, तो हावरेपणा. सॉफ्टवेअरबद्दल थाप मारली, ती लबाडी. पण हे वाक्य मी पोर गमावलेल्या बाईच्या तोंडावर, पूर्ण शुद्धीत म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबले नाही. तोंडी परीक्षेत सरांनी दबक्या आवाजात विचारलं तेव्हा मी म्हटलं, यंत्रानं इशारा दिला, माणसाचं लक्ष नव्हतं. वर तोंड करून हेही म्हटलं, की पुढच्या टप्प्यात लोकांना इशारा पाळायचं प्रशिक्षण द्यायला हवं. सरांनी मान डोलावली. मार्क चांगले पडले.

दानियलदादा आधी गप्प झाला, मग प्यायला लागला, मग बोलायला लागला. भोंगा वाजत होता आणि ही बहिरी बसली, हेच त्याचं रोजचं पालुपद. वहिनीलाच शेवटी वाटलं की आपले कान गेले असावेत. तिनं मला फोन केला. शहरात ओळखीचं तिला दुसरं कोण होतं? मी तिला नगरला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं. आवाज आला की बोट वर करायचं, असं सांगितलं. मी काचेबाहेर उभी. ती डोळे मिटून बसली होती, कपाळाला आठ्या. डॉक्टर आवाज बारीक करत गेले, आणखी बारीक, आणि तिचं बोट प्रत्येक वेळी वर. डॉक्टर म्हणाले, बाई, तुमचे कान तरण्या पोरीसारखे आहेत. कुणाला आनंद झाला असता. तिचा चेहरा उतरला. तिला बहिरं असायचं होतं. बहिरी नाही म्हटल्यावर उरलं काय? बेफिकिरी. परतीच्या एसटीत ती म्हणाली, ‘म्हंजी माझं ध्यानच नव्हतं, ताई.’ शेजारी बसून मी खिडकीबाहेर बघितलं. तिचं तिकीट मी काढलं होतं, आणि त्याबद्दल ती माझे आभार मानत होती.

आता मी त्याच विषयाची प्राध्यापिका आहे. पडद्यामागच्या माणसाची पद्धत दर वर्षी शिकवते, आणि बरी शिकवते. मुलं विचारतात, मॅडम, लोकांना खरं कधी सांगायचं? मी सांगते, लवकरात लवकर. माझा आवाज जरासुद्धा कापत नाही.

दानियलदादा वहिनीला सोडून पुणतांब्याला भावाकडं गेला, तो गेलाच. माझ्या त्या तीन शब्दांनंतर त्या घरात काय उरायचं होतं? मी सांगितलं असतं तर तिचं लेकरू परत आलं नसतं. पण तिचं बाकीचं सगळं राहिलं असतं. हे मला तेव्हाही समजत होतं.

आपल्याकडच्या वर्षश्राद्धासारखी त्यांच्यात स्मरणाची प्रार्थना असते. या वर्षी एस्तेरच्या प्रार्थनेला वहिनीनं आग्रहानं बोलावलं. चर्च छोटंसं, पत्र्याचं. मी मागच्या बाकावर बसले. त्यांच्यात उभं राहून साक्ष द्यायची रीत आहे, आपल्या आयुष्यातलं चारचौघांत सांगायचं. वहिनी उठली. केस पांढरे झालेत तिचे, माझ्याहून फार मोठी नाही ती. म्हणाली, माझ्या लेकराला वाचवायला इशारा झाला हुता. म्या ऐकला न्हाई. म्या भाकरीच्या नादात ऱ्हायले. देवानं मला माफ करावं, आन् माझ्या एस्तेरनंबी करावं. तुमी समदे माझ्यासाठी प्रार्थना करा.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पाळकांनी प्रार्थना केली — या बहिणीच्या हातून घडलेल्या चुकीची क्षमा कर. ती पुढं उभी राहून रडत होती. मग सगळ्यांनी आमेन म्हटलं.

मीही म्हटलं.